सामुराई यंत्रमानवाला रंग कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जपानी यंत्रमानवांच्या जोडणी-संचांवरील आपल्या पुरवणीतला लेख वाचला. आता हे संच गोंदाशिवाय जुळतात आणि भाग रंगीत प्लास्टिकमध्येच ओतलेले असल्याने रंगकामाची गरज उरत नाही, असे त्यात म्हटले आहे. बांदाई कंपनीने १९८० साली आणलेल्या पहिल्या गनप्ला (‘गंडम’ मालिकेतील यंत्रमानवांच्या) संचांना गोंद आणि रंग दोन्ही लागत. ती कटकट पुढे संपली, हे मान्य. परंतु सामुराई चिलखतातल्या यंत्रमानवाला हा नियम लावणे मला पटत नाही.

खऱ्या सामुराई चिलखताच्या पट्ट्या लोखंडाच्या किंवा चामड्याच्या असत आणि त्यांवर उरुशी झाडाच्या चिकाचे लाखकाम हातावर हात देऊन चढवलेले असे. सेंगोकू काळातील, म्हणजे जपानमधल्या यादवी युद्धांच्या काळातील, ‘ई’ नावाच्या सरदार घराण्याच्या सैन्याची लाल चिलखते प्रसिद्धच आहेत. त्या लाल रंगाला जी खोली आहे, ती लाल प्लास्टिकला येत नाही. ती हवी असेल तर आधी चकचकीत काळा, त्यावर चंदेरी आणि शेवटी पारदर्शक लाल रंगाचे पातळ हात एअरब्रशने द्यावे लागतात. एखादा हात जाड झाला, तर तेवढाच भाग काळपट दिसतो आणि लपवता येत नाही.

तलवारीचेही तेच. कताना पाण्यात विझवण्यापूर्वी तिच्या पाठीवर मातीचा जाड लेप देतात, त्यामुळे धार झटकन थंड होऊन कठीण बनते आणि पात्यावर लाटेसारखी ‘हामोन’ रेषा उमटते. संचातले पाते मात्र सपाट राखाडी असते. पाते चकचकीत चंदेरी रंगवून, लाटेच्या आकारात कापलेली चिकटपट्टी पाठीकडच्या भागावर लावून, उघड्या धारेवर मॅट वार्निश फवारले की ती रेषा दिसू लागते. हे मी चौथ्या प्रयत्नात साधले, आणि त्या पात्याची लांबी माझ्या तर्जनीहून थोडीच अधिक होती!

सांध्यांबाबत लेखात एक शब्दही नाही, ही उणीव मला अधिक गंभीर वाटते. खांद्याच्या कवचाखालील खाचा उठून दिसाव्यात म्हणून मी पातळ केलेला काळा इनॅमल रंग सढळ हाताने सोडला. तो ओघळून आतल्या एबीएस प्लास्टिकच्या सांध्यात मुरला आणि दुसऱ्या दिवशी यंत्रमानवाचा हात वळवताच खुंटी कट्‌कन तुटली. ताण असलेल्या एबीएसला इनॅमलचे थिनर तडे पाडते, त्यामुळे भाग सुटे असतानाच आणि वार्निशचा हात वाळल्यावरच हे काम करावे. एकमेकांवर घासणाऱ्या पृष्ठभागांवरचा रंग जोडण्याआधी खरवडून काढावा, नाहीतर पहिल्याच हालचालीत तो सोलून निघतो.

लेखासोबतच्या छायाचित्रात एक मुलगा बंद खोलीत, तोंडावर काहीही न बांधता, फवारा मारताना दिसतो. लॅकर रंगाच्या वाफा साध्या कापडी मास्कने अडत नाहीत. त्यासाठी सेंद्रिय वाफा शोषणारी कार्ट्रिज असलेला मास्क आणि हवा बाहेर ओढणारा पंखा लागतो. पुढील अंकात ही दुरुस्ती ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक