ह्युमिडिफायर खोलीतली आर्द्रता चुकीची दाखवतो : पैसे परत मिळावेत आणि सूचना बदलाव्यात

मुलुंड (पूर्व), मुंबई
दिनांक : 23 फेब्रुवारी 2026

प्रति,
मा. प्रमुख,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : शयनगृहातील ह्युमिडिफायरमधील दोषाबाबत लेखी तक्रार

महोदय / महोदया,

मी एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. 12 जानेवारीला मी तुमचा ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारे यंत्र, 6,499 रुपयांना घेतला. त्याबद्दल तुमच्या फोन सेवेकडे दोनदा तक्रार केली, तुमचा तंत्रज्ञही घरी येऊन गेला, पण प्रश्न आहे तिथेच आहे. म्हणून हे पत्र.

मुंबईत राहून हवेत आणखी ओल कशाला सोडायची, असे आमच्याच नातेवाइकांनी विचारले होते. पण डिसेंबर-जानेवारीत वारा समुद्राऐवजी जमिनीकडून वाहतो तेव्हा इथलीही हवा चांगलीच कोरडी होते. त्यात आमच्या शेजारच्या इमारतीचा पुनर्विकास चालू आहे. सिमेंटच्या धुळीमुळे शयनगृहाची खिडकी नोव्हेंबरपासून बंद आहे आणि झोपताना दोन तास एसी लावावाच लागतो. माझ्या सात वर्षांच्या मुलाचा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तीनदा घोळणा फुटला. पहाटे उशीवर रक्त बघून तो घाबरून रडायचा. डॉक्टरांनी नाकात घालायला मिठाच्या पाण्याचे थेंब दिले आणि खोली फार कोरडी असेल तर आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांच्या आसपास ठेवा, त्याच्या वर नेऊ नका, असे बजावले. खोली मोजायला मी एक छोटा डिजिटल मीटर आणला. झोपायच्या वेळी तो 34 दाखवत होता. म्हणजे यंत्राची गरज खरी होती आणि आम्ही ते विचार करून घेतले.

पहिले आठ-दहा दिवस आम्हाला बरे वाटले, हेही प्रामाणिकपणे सांगते. मुलाचे नाक सुकायचे थांबले, घोळणा पुन्हा फुटला नाही, माझाही सकाळी बसणारा घसा मोकळा झाला. यंत्रावर आकडा दिसतच होता, म्हणून मी माझा मीटर कपाटात ठेवून दिला. यंत्र 50 वर लावले होते आणि पडद्यावर रोज 48, 49, 50 असेच दिसायचे.

मग एका पहाटे मुलगा म्हणाला, "आई, पांघरूण ओलं का लागतंय?" मी हात लावला तर पावसाळ्यात वाळत घातलेल्या कपड्यांसारखे ते गार आणि दमट लागले. भिंतीलगतचे कपाट पुढे ओढले, तर मागच्या रंगावर मोहरीएवढे काळे ठिपके उठलेले. बुरशी. ती भिंत आम्ही दिवाळीआधीच रंगवली होती. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे आणि त्या त्याच खोलीत झोपतात. त्यांचा खोकला त्या आठवड्यात वाढला, दोन रात्री त्यांनी बसून काढल्या. तो केवळ यंत्रामुळेच वाढला असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण दमट खोलीत बुरशी आणि धुळीतले किडे वाढतात आणि दम्याच्या माणसाला दोन्ही बाधतात, हे सर्वांना माहीत आहे.

मी कपाटातला मीटर काढून उशाच्या टेबलावर ठेवला. पहाटे तीन वाजता तुमच्या यंत्रावर 51 आणि माझ्या मीटरवर 70.

मीटर स्वस्तातला आहे, तोच चुकत असेल, अशी शंका मलाही आली. म्हणून आम्ही मुलांना शाळेत शिकवतो ती परीक्षा केली. बाटलीच्या झाकणात मीठ घेतले, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओलसर लगदा केला आणि मीटरसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवला. अशा बंद डब्यात हवेची आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिरावते. सकाळी मीटर 76 दाखवत होता. चूक एका टक्क्याची. मीटर ठीक आहे.

मग तोच मीटर मी तुमच्या यंत्राच्या मागच्या जाळीला लावून धरला, कारण आर्द्रता मोजणारा सेन्सर त्या जाळीच्या आत आहे. उशाशी 25 अंश आणि 70 टक्के दाखवणारा मीटर जाळीपाशी पाच मिनिटांत 30 अंश आणि 53 टक्क्यांवर आला. हवा तीच, खोलीही तीच. सेन्सरच्या मागेच यंत्राचे सर्किट आहे, ते तापते आणि सेन्सरजवळची हवाही तापवते. हवेतले बाष्प तेवढेच राहून तापमान वाढले की सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी किती टक्के बाष्प आहे तो आकडा, कमी भरते. 25 अंशांची 70 टक्के आर्द्रतेची हवा 30 अंशांपर्यंत तापवली तर तीच आर्द्रता साधारण 52 भरते. माझे आकडे या हिशोबाशी जुळतात. म्हणजे तुमचे यंत्र आमची खोली मोजतच नाही, स्वतःचे तापलेले अंग मोजते. आणि त्याच आकड्यावर ते बंद-चालू होत असल्यामुळे 50 वर लावलेले यंत्र खोली 70 पर्यंत ओली होईस्तोवर धुके सोडत राहते.

हे मी 14 फेब्रुवारीला तुमच्या तंत्रज्ञांना करून दाखवले. ते सभ्य होते, पण त्यांच्याकडे आर्द्रता मोजायचे कोणतेही साधन नव्हते. "मॅडम, मुंबईची हवा दमटच असते," असे म्हणून त्यांनी टाकी पुसली आणि कागदावर 'यंत्र व्यवस्थित, ग्राहक समाधानी' असे लिहून सहीसाठी पुढे केला. मी सही केली नाही. तरीही संध्याकाळी तक्रार निकाली निघाल्याचा संदेश माझ्या फोनवर आला. याचा मला फार संताप आला. पहाटे तीनला उठून मी आकडे लिहून ठेवले आणि ते कोणी वाचलेही नाहीत.

आता तुमच्या माहितीपुस्तिकेबद्दल. यंत्रात पाण्याखाली एक चकती असते. ती सेकंदाला दहा लाखांहून अधिक वेळा थरथरते आणि पाण्याचे अगदी बारीक तुषार उडवते. वाफेत क्षार खाली राहतात, तुषारांत मात्र पाण्यातले सगळे हवेत जाते. आमच्याकडे एरवी पालिकेचे तलावांचे पाणी येते, ते बऱ्यापैकी मऊ असते. पण पुनर्विकासाच्या खोदकामात वाहिनी फुटली आणि नऊ दिवस टँकर मागवावे लागले. ते बोअरवेलचे जड पाणी होते. दोन दिवसांत सासऱ्यांच्या काळ्या पेटीवर पांढरी भुकटी बसली. बोट फिरवले की रेघ उठायची, बोटाला खडूसारखे लागायचे. जे पेटीवर बसले ते आमच्या श्वासातूनही गेले असणार. पुस्तिकेत या भुकटीबद्दल एक ओळही नाही. फक्त 'पाणी उकळून गार करून वापरावे' असे आहे. उकळल्याने जंतू मरतात, विरघळलेले क्षार सगळे जात नाहीत. क्षार काढलेले पाणी वापरा, हे तुम्हाला छापता आले असते.

सफाई महिन्यातून एकदा करावी, असे तुम्ही लिहिता. चौथ्या दिवशी टाकीच्या तळाला बोट लावून पाहा, बुळबुळीत थर लागतो. पाणी रोज बदलावे आणि टाकी दर तिसऱ्या दिवशी घासून धुवावी, अशी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची सूचना आहे.

यंत्रासोबत सुगंधी 'जंतुनाशक' द्रवाची बाटली भेट म्हणून आली आणि त्यातली दोन झाकणे टाकीत ओतायला सांगितली आहेत. बाटलीवर घटकांची नावे नाहीत. दक्षिण कोरियात ह्युमिडिफायरच्या पाण्यात घालायच्या जंतुनाशकांनी माणसांची फुप्फुसे निकामी झाली, असंख्य कुटुंबांत मृत्यू झाले. 2011 मध्ये कारण उघडकीला आल्यावर ती उत्पादने तिथे बाजारातून काढावी लागली. पृष्ठभाग पुसायला चालणारे रसायन श्वासातून आत गेले की घातक ठरू शकते, हे तेव्हा कळले. मी ती बाटली उघडलेली नाही. पण ही भेट तुम्ही आणखी किती घरांत पाठवली आहे, या विचाराने मला स्वस्थता नाही.

खोक्यावर 'मुंबईच्या हवेसाठी, वर्षभर, 24 तास' असे छापले आहे. जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या हवेत आर्द्रता बहुतेक वेळ 80 टक्क्यांच्या आसपास किंवा वर असते. तेव्हा हे यंत्र लावणे म्हणजे भिंतींना आणि छातीला त्रास. विश्वासाने कोणी ते तसे वापरले तर जबाबदार कोण?

माझे 6,499 रुपये मला परत हवेत. बदली यंत्र नको, कारण त्यातही सेन्सर त्याच जागी असणार. या प्रकारच्या सर्व यंत्रांचा सेन्सर तपासून ज्यांनी ती घेतली आहेत त्यांना तुम्ही स्वतःहून कळवावे. बाटलीतले घटक मला लेखी कळवावेत आणि ते निर्धोक असल्याचे दाखवता येत नसेल तर ती देणे लगेच थांबवावे. पुस्तिका आणि खोक्यावरचा मजकूर दुरुस्त करावा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे वापराच्या पुरेशा सूचना आणि धोक्याचा इशारा न देणे याचीही जबाबदारी उत्पादकावर येते. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तिथवर जायची वेळ येऊ नये, अशी मनापासून इच्छा आहे.

बिलाची प्रत, दोन्ही पडद्यांची एकाच वेळी काढलेली छायाचित्रे, सहा रात्रींचे आकडे आणि भिंतीचे फोटो जोडले आहेत. यंत्र टाकी कोरडी करून खोक्यात भरून ठेवले आहे, बाटलीही सीलबंद आहे. न्यायला माणूस पाठवाल तेव्हा आधी फोन करावा. दुपारी दीडपर्यंत मी शाळेत असते आणि सासूबाईंना वजन उचलवत नाही.

आपली,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व बिल क्रमांक सोबतच्या अर्जात)