ऑइल काळं झालं म्हणून बदलू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात शेजारचा मुलगा त्याची १०० सीसीची मोटारसायकल ढकलत माझ्या दारात आला. मूठ पिळली की इंजिन ओरडायचं, गाडी मात्र जागची हलायला कुरकुर करायची. गॅरेजवाल्याने क्लच प्लेटांचा खर्च सांगितला होता. ऑइल कुठलं घातलंस, असं विचारल्यावर उलगडा झाला. मामाच्या मोटारीचं उरलेलं 'भारीतलं' सिंथेटिक! मोटारसायकलचा क्लच ऑइलातच बुडालेला असतो. मोटारीच्या पातळ ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, ती इंजिनाला मानवतात, पण क्लच घसरवतात. मोटारसायकलसाठी डब्यावर 'जासो' या जपानी मानकाची 'एमए' किंवा 'एमए२' अशी खूण लिहिलेली असावी लागते. 'एमबी' असेल तर ते स्कूटरचं, तिथे क्लच कोरडा असतो. ऑइल बदललं, चार दिवसांत क्लच पुन्हा धरू लागला. प्लेटांचे पैसे वाचले.

मी डिझेल गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढली. तिथे नवं ऑइल एका दिवसात काळंकुट्ट व्हायचं. त्यातली डिटर्जंट द्रव्यं काजळी उचलून धरतात म्हणून ते काळं होतं, म्हणजे काम करतंय. तरीही आमच्याकडचे गॅरेजवाले दोन बोटांत थेंब चोळून 'संपलं' असा निकाल देतात आणि टाकीवर '२००० किमी' असं स्टिकर चिकटवतात. या मुलाच्या गाडीच्या पुस्तिकेत ६००० किमीला बदला आणि मधे ३००० ला पातळी भरून घ्या, असं छापलंय. पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरच निघालेली नव्हती.

आता दुसरी बाजू. रोज दोन किलोमीटरवर दुकानात जाऊन परतणाऱ्याचं इंजिन नीट तापतच नाही, पाणी आणि पेट्रोल ऑइलात मिसळत राहतं. अशाने किलोमीटर भरायची वाट पाहू नये, महिन्यांचा हिशेब धरावा. पुस्तिकेत 'जे आधी होईल ते' असं लिहिलेलं असतं ते यासाठीच. उसाच्या हंगामात धुळीच्या रस्त्यावर फिरणाऱ्यानेही मुदत थोडी अलीकडे आणलेली बरी.

माझंही सगळंच बरोबर असतं असं नाही. २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे नवे निकष) डिझेल मोटारीत मी जुन्या सवयीने नेहमीचं ऑइल भरणार होतो. पुतण्याने पुस्तिका समोर धरली. धुराड्यातली काजळी गाळणाऱ्या जाळीसाठी कमी राखेचं ऑइल लागतं, नाहीतर ती जाळी राखेने चोंदते. मुकाट्याने डबा परत केला.

एक विनंती. काढलेलं ऑइल कायद्याने घातक कचरा आहे, पण आमच्या पेठेत ते थेट गटारात जातं, नाहीतर वाळवीला म्हणून खांबांना फासतात. ते गोळा करणारं अधिकृत केंद्र शहरात कुठे आहे, हे आपल्या वार्ताहराने शोधून छापावं.

आपला,
एक निवृत्त मेकॅनिक, सांगली