एसडीएस बाहेरून करून घ्या, पण तपासणी आपलीच हवी

संपादक साहेब,
मी बडोद्याजवळ नंदेसरीच्या एका केमिकल युनिटमध्ये सेफ्टी बघतो. आमचे एसडीएस (सेफ्टी डेटा शीट, म्हणजे केमिकलचे धोके नि घ्यायची काळजी सांगणारं माहितीपत्रक) बाहेरची एजन्सी बनवायची, १६ सेक्शन, फॉरमॅट अगदी व्यवस्थित, पण आम्ही सॉल्व्हंट बदललं तरी शीटवर फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते) जुनाच राहिला, कारण त्यांना कोणी कळवलंच नाही. मग स्वतःचं सॉफ्टवेअर घेऊ म्हटलं, तर धोक्यांचं वर्गीकरण समजणारा माणूस पाहिजे ना, आणि जीएचएस (या वर्गीकरणाचे नि लेबलांचे जागतिक नियम) तर दर दोन वर्षांनी सुधारतात. मला वाटतं एक्सपोर्टच्या, परदेशी भाषांतल्या शीट बाहेर द्या, पण फॉर्म्युल्याची नोंद नि शेवटची सही आपल्याच केमिस्टची ठेवा. आणि प्लँटवर गुजराती-हिंदीत धोक्यांची माहिती देणारं एक पान लावाच, आमच्याकडे ड्रम उचलणाऱ्या कित्येकांना इंग्रजी वाचता येत नाही हो.
– एक वाचक, बडोदा