बाबा, तुमची वही पोचली

पुणे, रविवार रात्र

ती. बाबा आणि ती. आई यांना,
शि. सा. न. वि. वि.

वही परवा मिळाली. एका बैठकीत वाचून काढली. चाळीस वर्षं कोल्हापुरातल्या दुकानांवर दुसऱ्यांची नावं रंगवलीत आणि आता स्वतःचं लिहायला बसलात, याचा मला फार आनंद झालाय. पण तुम्ही खरं मत मागितलंत म्हणून सांगते. पहिली चार पानं तुमची वाटत नाहीत. 'करवीरनगरी ही ऐतिहासिक नगरी आहे' हे कुणीही लिहील. महापूर थेट अकराव्या पानावर येतो.

सध्या चिऊला झोपताना ई. बी. व्हाइट यांचं 'शार्लट्स वेब' वाचून दाखवते. 1952 सालची ही अमेरिकन मुलांची कादंबरी. विल्बर नावाचं डुकराचं पिल्लू आणि त्याचा जीव वाचवण्यासाठी जाळ्यात शब्द विणणारी शार्लट नावाची कोळीण. पुस्तक उघडतं तेच असं: सकाळच्या न्याहारीची तयारी चाललीय आणि मुलगी आईला विचारते, बाबा ती कुऱ्हाड घेऊन कुठं चाललेत? व्हाइट यांनीही आधीच्या खर्ड्यांत गोठ्यापासून, कोळिणीपासून सुरुवात करून पाहिली होती. कुऱ्हाड मागाहून पुढं आली.

तुमच्याकडंही तशी जागा आहे. ऑगस्ट 2019, शाहूपुरीतल्या दुकानात पाणी शिरतंय आणि आई पायरीवरून ओरडतेय, "डबे राहूदेत, आधी ब्रश काढा!" तिथून सुरू करा. कोल्हापूर आपोआप दिसेल.

मला मात्र त्या कोळिणीचं काम सगळ्यात जवळचं वाटलं, कारण ते तुमचं काम आहे. साऱ्या पुस्तकात ती फक्त चारदा लिहिते. एकेक अक्षर अंधारात, उलटंसुलटं लटकून, स्वतःलाच सूचना देत विणायचं. इथं चिकटव, आता खाली उतर, धागा सोड. ते वाचताना मला शिडीवरचे तुम्ही दिसलात. खडूच्या दोऱ्यानं रेघ मारताना असंच पुटपुटायचात. अक्षर एवढं महाग असलं की माणूस फालतू शब्द लिहीत नाही.

एकदा तिला नवा शब्द हवा असतो. उंदीर उकिरड्यावरून कागदाचे कपटे आणतो. एकावर 'कुरकुरीत'. तो ती लगेच नाकारते, उगाच लोकांना डुकराचं मांस आठवायचं! दुसरा कपटा धुतल्यावर न आटणाऱ्या कापडाचा, तोही बाद. शेवटी साबणाच्या खोक्यावर 'तेजस्वी' सापडतो. पण ती लगेच विणत नाही. आधी विल्बरला पळायला लावते, उड्या मारायला लावते. शब्द त्याला शोभतो का, हे डोळ्यांनी बघते, मगच विणायला घेते.

तुम्हीही बोर्ड घ्यायच्या आधी गिऱ्हाइकाच्या दुकानात जाऊन बसायचात, चहा घ्यायचात, माणसं बघायचात. "सराफाला जाड अक्षर शोभत नाही आणि तालमीला बारीक," हे तुमचंच वाक्य. वहीत ते कुठंच नाही! त्याऐवजी 'कलेची निस्सीम उपासना' आहे. बाबा, ते काढा.

आजीबद्दल लिहिताना हात थरथरला असेल, कळतं मला. पण 'काळाने क्रूर घाला घातला' यात आमची आजी नाही. शार्लट जत्रेच्या मैदानावर मरते, सगळे निघून गेल्यावर. ती गेली तेव्हा तिच्याजवळ कुणी नव्हतं, एवढंच व्हाइट लिहितात. चिऊ त्या रात्री बराच वेळ बोलली नाही. पुढं व्हाइट यांनी स्वतःच्या आवाजात पुस्तकाचं ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा हाच भाग वाचताना त्यांचा आवाज भरून यायचा, पुन्हा पुन्हा घ्यावा लागला. ज्यानं लिहिलं त्याचा गळा दाटला, पण कागदावर त्यानं तो दाटू दिला नाही.

आजी गेली त्या दुपारी तुम्ही अर्धवट राहिलेला बोर्ड पुरा करायला गेलात आणि एक वेलांटी चुकलात. हे तुम्ही मला एकदाच, रंकाळ्यावर सांगितलं होतंत. तेवढंच लिहा.

आई, तू बाबांजवळ बस. पुरात वाहून गेलेला निळ्या रंगाचा डबा नंतर कुणाच्या दारात सापडला, ते तुला नक्की आठवत असेल. बाबांनी वहीत 'काही साहित्य परत मिळाले' असं लिहिलंय.

तुमची,
मनू