मामाचं नाव पत्रिकेत

प्रिय सोनू,

तुझा मेसेज वाचला. "मामा बोहल्यावर आणणार असेल तर मी एकटीच चालत येते" हे तू रागात लिहिलंस ते कळतंय गं, वास्तुशांतीला त्यानं जो तमाशा केला तो मी पण बघितलाय, माझाच भाऊ आहे, मला काय आनंद झाला असेल? पण त्याच्याखाली "थोडी लाज असती तर परत प्यायला नसता" असं लिहिलंस ते काय मला पटलं नाही. फोनवर सांगायला गेलं की "आई, क्लास घेऊ नको" म्हणतीस, म्हणून टाइप करायला बसले, आता क्लास समज नाहीतर काय पण समज, शेवटपर्यंत वाच.

मामा धारवाडहून दारू सोडवायचे उपचार घेऊन आला तेव्हा कसा होता आठव की. अंगानं भरलेला, सकाळी उठून स्वतः चहा ठेवायचा, वडगावात मागावर परत कामाला लागला. सगळे म्हणाले सुटली एकदाची. त्याच्या शरीरातनं दारू गेली होती हे खरंच, पण मेंदूनं जे शिकून ठेवलेलं असतं ते औषधानं धुऊन जात नाही. वुल्फ्राम शुल्ट्झ म्हणून एक शास्त्रज्ञ आहे, त्यानं माकडांच्या मेंदूत बारीक इलेक्ट्रोड म्हणजे तारा घालून डोपामिनच्या पेशी ऐकल्या, डोपामिन म्हणजे मेंदूत ओढ लावणारं रसायन. सुरुवातीला ज्यूसचा थेंब तोंडात पडला की पेशी उसळायच्या. मग दरवेळी ज्यूसच्या आधी एक दिवा लावायला लागले, तर काही दिवसांनी पेशी दिव्यालाच उसळायला लागल्या आणि ज्यूस आला तरी आपल्या नेहमीसारख्याच. आणि दिवा लागून ज्यूस दिलाच नाही तर? नेहमीपेक्षा पण खाली जायच्या. पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांच्याबरोबर 1997 ला त्यानं याचा सगळा हिशोब मांडला. आता मामाचा शनिवार बघ. पगार खिशात, सोबतीला तीच दोघंतिघं, कोपऱ्यावरच्या दुकानाचा बोर्ड, खारे शेंगदाणे. घोट घ्यायच्या आधीच मेंदू कामाला लागलेला असतो आणि न पिता तसंच पुढं चालत गेला तर ज्यूस न मिळालेल्या माकडासारखा तो खड्डा. घरी येऊन कुणावर तरी खेकसतो ते त्यातलंच. कर्नाटकात 2007 ला सारायी म्हणजे ती स्वस्तातली दारू बंद झाली तेव्हा आज्जीनं मारुतीला नारळ फोडला होता, सुटला माझा पोरगा म्हणून, तो आपला नाइंटीच्या, म्हणजे 90 मिलीच्या दारूच्या पाकिटावर गेला. वस्तू बदलली, शनिवार तोच राहिला.

आणि त्याला मजा येते म्हणून पितो असं तुला वाटतं ना, मला नाही वाटत. विचार त्याला कधी, चव तरी आवडती काय. मिशिगनच्या केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी 1993 पासून हेच धरून ठेवलंय की ओढ लागणं आणि गोड लागणं हे मेंदूत वेगवेगळं चालतं, व्यसनात ओढ वाढत जाती आणि गोडी तिथंच राहती किंवा कमी होती. वर आणि वर्षानुवर्षं प्यायल्यावर मेंदूतली टेन्शनची यंत्रणा सारखी तापलेली राहती, न पिता राहिलं की घाम, हात थरथर, झोप नाही, उगाच भीती. मग माणूस बरं वाटायला नाही, वाईट वाटायचं थांबायला पितो. (म्हणून रोज पिणाऱ्याला एकदम बंद कर म्हणून खोलीत कोंडू नये गं, फिट येऊ शकती, जीव पण जाऊ शकतो. मामाला पहिल्यांदा ज्या केंद्रात टाकलं होतं तिथं असंच केलेलं, नाव नको काढायला.)

आता वास्तुशांतीचं. तू स्वयंपाकघरात होतीस, तुला दिसलं नाही. मामा कोकमाचा ग्लास घेऊन दारात उभा होता, तर आपल्यातल्याच एकानं, नाव घेत नाही, त्याच्या हातातनं ग्लास काढून घेतला, सगळ्यांसमोर वास घेतला आणि "पास" म्हणून परत दिला. चारजण हसले. मामा पण हसला. ग्लास त्यानं तसाच खिडकीत ठेवला, प्याला नाही, आणि जेवणं सुरू व्हायच्या आत गायब. पुढचं तू बघितलंस.

हे मी भावाची बाजू घ्यायची म्हणून सांगत नाही. अमेरिकेत मायकेल नेडर यांच्या टीमचं 2002 चं काम आहे. 20 माकडं आधी एकेकटी ठेवली, मग चार-चारचे गट केले. गटात कोण दादा, कोण दबलेला हे आपोआप ठरलं. मेंदूचं स्कॅनिंग केलं तर जी दादा झाली त्यांच्यात डोपामिनचे डी-2 रिसेप्टर, म्हणजे पेशीवरच्या डोपामिन पकडायच्या जागा, वाढलेले, दबलेल्यांचे होते तसेच. एकेकटी असताना असा फरक नव्हता, म्हणजे जन्मानं नव्हे, गटातल्या जागेनं आलेला. नंतर कोकेन घ्यायची सोय दिली तर दबलेली माकडं जास्त घेत होती.

आणि दुसरं 2018 चं, मार्को व्हेनिरो आणि यावीन शाहम यांचं, ते तर मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं. नशेची चटक लागलेल्या उंदरांना दोन पर्याय दिले, हा खटका दाबला तर नशा, तो दाबला तर दुसऱ्या उंदराची सोबत. उंदरांनी सोबत घेतली! चटक जास्त असलेल्यांनी पण. पण सोबत उशिरा मिळायला लागली, किंवा सोबत घेतली की पायाला करंट, तर तो परिणाम कमी व्हायला लागला. मला सारखा तो कोकमाचा ग्लास आठवतो. आपण त्याला कार्यक्रमाला बोलावतो, येऊ देतो, आणि आला की करंट देतो. उंदीर म्हणजे माणूस नव्हे आणि त्यांना दिलेली नशा म्हणजे दारू नव्हे, हे मला पण कळतं, दहावीच्या पोरांना मीच सांगते. पण वीस वर्षं टोमणे मारून काय मिळवलं ते तू सांग मला.

मामीला कुणीतरी भिंतीवरच्या जाहिरातीतली पावडर आणून दिलीय, न सांगता आमटीत टाका म्हणून. मी काढून घेतली. त्यात काय असतं ते देवालाच ठाऊक, आणि डायसल्फिराम असलं आणि तो वरनं प्याला तर अंगात ॲसिटाल्डिहाइड नावाचं विष साठतं, तोंड लाल, उलट्या, बीपी पडतं, माणूस दगावू शकतो. ते औषध देतात, पण त्याला सांगून, डॉक्टरच्या हातनं. सध्या त्याला नाल्ट्रेक्सोन, दारूची ओढ कमी करायची गोळी, चालू आहे, मामी गोळी समोर बसून देती, तो पण कुरकुर न करता घेतो.

पिऊन आला तर बोहल्यावर नको, इथं मी तुझ्या बाजूनं आहे, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितलंय. पैसे पण त्याच्या हातात देणार नाही, पानसुपारीचा हिशोब पप्पा बघतील. उसने घेतलेले त्यानंच फेडायचे, मेंदूकडं बोट दाखवून ते काय माफ होत नाहीत. पण जागा त्याची त्यालाच. सकाळपासून त्याला काम देते, पुण्याहून येणारी गाडी घ्यायची, भटजींना आणायचं, तुझ्या मागं उभं राहायचं. हळदीच्या रात्री पोरांचं जे काय चालतं ते कार्यालयात नको, तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला नीट सांग, तो शहाणा आहे. मामाची झोपायची सोय मी अण्णाकाकांबरोबर केलीय, ते कुणाला टोचून बोलत नाहीत. आणि दर शनिवारी संध्याकाळी तू त्याला एक फोन कर, पगाराच्या वेळेला, काय पण बोल, साडीचा रंग विचार.

खडेबाजारातला छापखानावाला सकाळपासून दोनदा विचारायलाय, पत्रिकेत मामाचं नाव घालायचं की नाही म्हणून. मी थांब म्हटलंय. संध्याकाळच्या आत कळव, आणि आज्जीचं नाव ते लोक चुकीचं छापतात, प्रूफ तू एकदा बघून घे.

तुझी आई