आई-बाबांना नाशिकहून पत्र

सातपूर, नाशिक
रविवार, १४ डिसेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

गेले सहा महिने फोनवर मी तुम्हाला ‘सगळे ठीक आहे’ असेच सांगत आले. परवा दादाने सांगितले की बाबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन दिवाळीनंतर करायचे ठरले होते ते पुन्हा पुढे ढकलले आहे, आणि सुईत दोरा ओवण्यासाठी बाबा शेजारच्या मुलाला हाक मारतात. मला महिन्याला पाच हजार पाठवता यावेत म्हणून हे चालले आहे, हे दादा बोलला नाही, पण मला कळले. म्हणून आज सगळे खरे खरे लिहीत आहे.

जूनमध्ये रुजू झाले तेव्हा शिक्षणसेवकाचे १६,००० रुपये मानधन मला पुष्कळ वाटले होते. २०२३ च्या आधी प्राथमिकला सहाच हजार मिळत, हेही मीच तुम्हाला सांगितले होते. पण कागदपत्रे पूर्ण व्हायला वेळ लागला आणि पहिले तीन महिने हातात काहीच आले नाही. खोलीची अनामत, गादी, गॅस, डबा, सगळे तुमच्या पैशांतून झाले. त्या दिवसांत मी रात्रीचा डबा बंद करून चहा-पाव खात असे. आई, हे वाचून रडू नकोस, ते दिवस संपले आहेत. सप्टेंबरअखेरीस मानधन एकत्र आले आणि तेव्हापासून दर महिन्याला येत आहे. माझ्या वाट्याचे भाडे ३,५००, डबा २,८००, बस आणि किरकोळ खर्च दोन हजारांच्या आत. महिन्याला साडेसात हजारांच्या वर शिल्लक राहतात. तीन वर्षांनी नियमित वेतनश्रेणी मिळेल, तोवर एवढ्यात माझे नीट भागते.

पैशांपेक्षा वर्गाचा त्रास मोठा होता. माझ्याकडे चौथी आहे, पट ४६. निम्म्याहून अधिक मुलांचे आई-वडील धुळे-जळगावकडून सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला आलेले, घरात अहिराणी बोलणारे. उरलेल्यांत उत्तर प्रदेश आणि बिहारमधली मुले बरीच. पहिल्याच आठवड्यात मी श्रुतलेखन घेतले आणि वह्या तपासताना हबकून गेले. ‘शाळा’ हा शब्द निम्म्या वह्यांत ‘शाया’ होता आणि बऱ्याच वह्यांत ‘शाला’. ‘डोळा’ कुठे ‘डोया’, कुठे ‘डोला’. मी लाल पेनाने सगळे खोडले आणि प्रत्येक शब्द दहा वेळा लिहून आणायला सांगितला. एक मुलगी उभी राहून म्हणाली, ‘बाई, माले समजनं नही.’ मी तिला सगळ्यांसमोर ‘मला समजले नाही’ असे तीनदा म्हणायला लावले. त्यानंतर पंधरा दिवस ती वर्गात एक शब्द बोलली नाही.

बाबा, मी पाचवीत असताना आईला ‘आवस’ म्हटले म्हणून तालुक्याच्या शाळेत सगळा वर्ग हसला होता आणि मी घरी येऊन शाळेत जाणार नाही म्हणून बसले होते, हे तुम्हाला आठवत असेल. तुम्ही दुसऱ्या दिवशी शिवणाचे दुकान बंद ठेवून मला सोडायला आला होता. तेच मी दुसऱ्याच्या लेकीशी केले, ही गोष्ट मला फार लागली.

श्रावणातही असेच झाले. एका सोमवारी निम्मा वर्ग रिकामा होता आणि मंगळवारी मी मुलांना गैरहजेरीबद्दल रागावले. नंतर एका पालकाने समजावले की त्या सोमवारी कानबाईचे विसर्जन असते आणि खानदेशी घरात तो वर्षाचा मोठा सण. गणपतीत आणि शिमग्यात आपल्या वाडीतली शाळा कशी ओस पडते हे पाहत मोठी झालेली मी, मला हे विचारावेसेसुद्धा वाटले नव्हते.

मग मी त्या मुलीच्या घरी गेले. तिचे वडील रात्रपाळी करून झोपले होते, म्हणून आम्ही दोघी बाहेर ओट्यावर बसलो. तिची आई जे बोलत होती ते ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आले की मुले चुकत नव्हती, अहिराणीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, आणि हिंदीत तर ‘ळ’ नाहीच, म्हणून ती मुले ‘ल’ म्हणतात. कानाला जे नेहमीचे आहे तेच ती लिहीत होती. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर तीन रकाने आखले, घरचा शब्द, मित्राचा शब्द आणि पुस्तकातला शब्द. डोया, आँख, डोळा. मग सगळ्यांना जीभ मागे वळवून टाळूला लावायला आणि तिथून पुढे आपटायला शिकवले. मुले एकमेकांच्या तोंडात डोकावून पाहत होती. ती मुलगी शेवटच्या बाकावरून उठून फळ्याजवळ आली आणि स्वतःहून ‘काया, काला, काळा’ असे लिहून गेली. त्या दिवशी खोलीवर परत येताना सातपूरच्या बस थांब्यावर मी एकटीच किती तरी वेळ बसून राहिले होते.

अजूनही सगळे सुरळीत नाही. दिवाळीनंतर तीन मुले परतली नाहीत, वडिलांचे कंत्राटी काम सुटले म्हणून कुटुंबेच्या कुटुंबे गावी गेली. टाचण, ऑनलाइन भरायची माहिती आणि पोषण आहाराच्या नोंदी यांतच संध्याकाळ जाते. अकरा मुलांना अजून जोडाक्षरे वाचता येत नाहीत, त्यांना मी शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबवून घेते. थंडी मात्र आपल्या कोकणात कधी पाहिली नव्हती अशी आहे, पलीकडे निफाडला तर पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. आईने विणलेला स्वेटर मी झोपतानाही काढत नाही.

मी इथेच राहणार आहे. मला परत बोलावण्याचा विषय बाबांनी दोनदा काढला, त्याचे हे उत्तर आहे.

आता माझे ऐका. या महिन्यापासून पैसे पाठवू नका. काल मी दादाच्या खात्यावर बारा हजार टाकले आहेत, ते औषधे, चष्मा आणि जाण्यायेण्यासाठी आहेत. ऑपरेशन जिल्हा रुग्णालयात मोफत होते, त्यासाठी शिमग्यापर्यंत थांबण्याचे काही कारण नाही. माझ्या दोन किरकोळ रजा उरल्या आहेत आणि ३१ डिसेंबरला त्या बुडतील. २४ तारखेला शाळा सुटली की रात्रीच्या गाडीने निघते, २५ ला सुट्टी आहे, २६ आणि २७ ला रजा टाकते आणि रविवारी रात्री परत फिरते. दादाने उद्याच रुग्णालयात जाऊन २६ तारीख मिळते का ते पाहावे. नसेल मिळत तर मिळेल ती घ्यावी, माझ्यासाठी अडून राहू नये.

आई, तोवर बाबांना मशीनवर बसू देऊ नकोस. लग्नसराईचे ब्लाउज अडले असतील तर कापून ठेवायला सांग. हुक-काजे आणि हातशिलाई मी आल्यावर करून देईन.

तुमची
बाय