विषय: मेटल ब्रॅकेटच्या सदोष लॉटबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

दादरला माझे ऑर्थोडॉन्टिक (वाकडे दात सरळ करण्याचे) क्लिनिक आहे आणि मी आपली जुनी ग्राहक आहे. पावसाळ्याच्या तोंडावर आलेल्या लॉटमधले मेटल ब्रॅकेट (तार धरण्यासाठी दातावर चिकटवायचे धातूचे तुकडे) दातांवरून पटापट सुटत आहेत. फोनवर आपल्या प्रतिनिधींचे उत्तर मिळाले, "मॅडम, मुंबईची हवा दमट, दात नीट सुकला नसेल." हे मला मान्य नाही.

दात ओला राहिला किंवा एचिंगनंतर (ॲसिडने दात खरबरीत केल्यावर) लाळ लागली, तर पकड इनॅमलपाशी, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरापाशी, सुटते. गोंद ब्रॅकेटला चिकटून येतो आणि दात स्वच्छ दिसतो. इथे उलटे घडते आहे. गोंद (कंपोझिट) दातावर घट्ट, त्यावर ब्रॅकेटच्या पाठीवरच्या जाळीचा पुसट ठसा, आणि ब्रॅकेटची पाठ कोरी. भिंगाखाली पाहिले तर जुन्या लॉटची जाळी मोकळी आहे, या लॉटची काही ठिकाणी चक्क बुजलेली. गोंद शिरणार कुठे? माझी पद्धत नेहमीचीच आहे: ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिड, ३० सेकंद, दात खडूसारखा पांढरा दिसेपर्यंत सुकवणे, गोंदाआधी लावायचा तोच प्रायमर, गोंद कडक करणारा तोच लाइट. त्याच तोंडात जुन्या लॉटचे ब्रॅकेट मात्र पक्के बसले आहेत.

गोंद दातावर राहणे एरवी चांगलेच, इनॅमलचा टवका उडत नाही. पण ते ट्रीटमेंट संपवून ब्रॅकेट काढताना, पहिली तार बसवल्याबरोबर नव्हे! दहावीतल्या एका मुलीचा ब्रॅकेट वरणभात खाताना निघाला. चिक्की खाल्ली असती तर मीच तिला ओरडले असते. आता तो पुन्हा बसवायचा म्हणजे उरलेला गोंद बरने (मशीनच्या फिरत्या टोकाने) घासायचा, पुन्हा ॲसिड लावायचे. त्यात थोडे इनॅमल जातेच, आणि ते परत येत नाही. पेशंटचे आईवडील जाब मला विचारतात, तुम्हाला नाही.

या लॉटचा शिअर बॉण्ड स्ट्रेंग्थचा (ब्रॅकेट किती जोर लावल्यावर सुटतो याचा) रिपोर्ट पाठवावा. संशोधक रेनॉल्ड्स यांनी १९७५ साली सुचवलेली ५.९ ते ७.८ मेगापास्कल ही पुरेशा पकडीची किमान मर्यादा आपल्यालाही ठाऊक असेलच. उरलेला माल बदलून द्यावा आणि हा लॉट इतर डॉक्टरांकडूनही परत मागवावा. टाळाटाळ झाली तर मी एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासनाकडे) लेखी तक्रार करणार आहे.

सुटलेले ब्रॅकेट लॉट नंबर लिहून पिशवीत ठेवले आहेत. तपासणीसाठी न्यायला माणूस पाठवा, मात्र पोच लिहून दिल्याशिवाय पिशवी मिळणार नाही.

कळावे,
आपली,
एक ऑर्थोडॉन्टिस्ट, दादर (पश्चिम), मुंबई